पाइप रात्रीच का फुटतो? : डोंगरवाडीच्या पाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवर प्यायचं स्वच्छ पाणी कसं पोहोचवायचं, याविषयी मागच्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. उत्तरं देत आहेत जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेले शाखा अभियंता, ज्यांची नोकरी घाटमाथ्यावर आणि कोकणात नळयोजना टाकण्यात गेली. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

आमच्या वाडीला वरच्या झऱ्यावरून काळ्या पाइपने पाणी येतं. उंची चांगली आहे, मोटर लागत नाही. पण लाइन सारखी फुटते, आणि फुटते ती रात्रीच. तीही खालच्या आळीत. देवळाच्या जागेवरून त्यांचं-आमचं वाकडं आहे, त्यामुळे तिकडचीच पोरं फोडत असणार असं सगळे म्हणतात. राखणदार ठेवावा का?
— ग्रामपंचायत सदस्य, वेल्हे भाग

राखणदार ठेवू नका. त्याच्या महिन्याभराच्या पगारात तुमचं काम होईल.

पाणी दहा मीटर खाली उतरलं की दाब एक किलोने वाढतो. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. ‘सहा किलोचा पाइप’ म्हणून दुकानदार देतो तो हाच किलो. दिवसा नळ चालू असतात, पाणी पळत असतं, आणि पळता पळता पाइपाच्या आतल्या अंगाला घासून बराचसा दाब वाटेतच खर्ची पडतो. रात्री सगळे नळ बंद झाले की पाणी जागच्या जागी थांबतं. मग झऱ्यापासून तळापर्यंतचा सगळा भार सर्वांत खालच्या पाइपावर येतो. झरा १४० मीटर उंचावर असेल तर खाली १४ किलो दाब, आणि तुमचा पाइप सहा किलोचा. तो फुटणार रात्रीच, आणि फुटणार खालच्या आळीतच. त्या पोरांना बिचाऱ्यांना उगाच शिव्या बसतायत.

उपाय सोपा आहे. वाटेत दाब मोडणारी टाकी बांधायची. आमच्या खात्यात तिला बीपीटी म्हणतात. मोठी लागत नाही, दोनशे-तीनशे लिटरची पुरे. पाणी तिच्यात उघड्यावर पडतं, तिथे दाब शून्य होतो, आणि पुढच्या पाइपात उतार नव्याने मोजायला लागायचं. १४० मीटरच्या उतारावर पन्नास-पन्नास मीटरवर दोन टाक्या घातल्या की तुमचा पाइप सुखाने जगेल. तिच्यात येणाऱ्या पाण्याला फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, बसवा, नाहीतर रात्रभर टाकी ओसंडून झऱ्याचं पाणी वाया जाईल. मात्र फ्लोट बसवला की वरचा प्रत्येक टप्पा रात्री स्वतंत्रपणे भरलेला राहतो, म्हणून कुठलाही टप्पा साठ मीटरच्या वर जाता कामा नये.

उंची मोबाइलवर मोजू नका. डोंगराच्या घळीत मोबाइल वीस-तीस मीटरची थाप सहज मारतो. गवंड्याकडची पारदर्शक नळी घ्या, तिच्यात पाणी भरा, आणि दोघा जणांनी टप्प्याटप्प्याने झऱ्यापासून वाडीपर्यंत उतरा. सकाळी सुरू केलंत तर जेवायच्या वेळेला खाली याल.

जाता जाता आणखी एक. पाइप उघड्यावर असेल तर फेब्रुवारी-मार्चचा वणवा तो वितळवणार आणि वानरं त्यावर झोके घेणार. तीन फूट गाडा. जिथे कातळ आहे आणि गाडता येत नाही, तेवढ्या लांबीला लोखंडी जीआय पाइप टाका.

आम्ही मुंबईकर चाकरमानी. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत मे महिन्यात बायका पऱ्यातल्या (ओढ्यातल्या) डवऱ्यावरून, म्हणजे खणलेल्या खड्ड्यावरून, पाणी आणतात. मंडळाने पैसे जमवले आहेत. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली आणि ३०० फुटांची बोअर मारायचं जवळजवळ ठरलं आहे. म्हातारी माणसं मात्र म्हणतात, वरच्या झऱ्याचं काहीतरी करा. तुमचं मत काय?
— वाडी मंडळाचे खजिनदार, डोंबिवली

म्हाताऱ्यांच्या बाजूने आहे मी. निदान एक उन्हाळा थांबा.

आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. काही थर भेगाळलेले, काही छिद्रांचे, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. यांच्यात पावसाचं पाणी मुरतं. काही थर मात्र काळे, घट्ट, एकही भेग नसलेले, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या चिकण मातीची पट्टी. यांच्यातून पाणी खाली जात नाही, मग ते आडवं सरकत डोंगराच्या अंगातून बाहेर येतं. तो तुमचा झरा. रत्नागिरीकडे जांभ्या दगडाच्या सड्याखाली, म्हणजे पठाराखाली, चिकण माती लागते, तिथेही हेच घडतं. झरा कायम एकाच उंचीवर का असतो आणि त्याच रेषेत पलीकडच्या वाडीचाही झरा का सापडतो, ते यावरून कळेल.

आता तुमची बोअर. डोंगरउतारावर ३०० फूट खाली गेलात तर बहुतेक प्रवास त्या घट्ट काळ्या दगडातून. पाणी लागलं तर नशीब. आणि नशीब वाईट असेल तर पाणी धरून ठेवणारा थर भोकाने फुटतो, पाणी बोअरमधून खाली निसटतं आणि वरचा झराही आटतो. पाणाड्याशी माझं वैर नाही, त्यातल्या काहींना जमिनीची जाण माझ्यापेक्षा चांगली असते. पण नारळ उभा राहिला तरी मे महिन्यात मिनिटाला किती लिटर मिळेल, ते तो सांगत नाही. ते बादली सांगते.

झऱ्याखाली १५ लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. हे एप्रिल आणि मे अखेरीस करा. गणपतीत मोजून काही उपयोग नाही, तेव्हा सगळा डोंगरच गळत असतो. समजा बादली दोन मिनिटांत भरली. मिनिटाला साडेसात लिटर. ऐकायला भिकार वाटतं, बायका रांगेत ताटकळतात ती हीच धार. पण दिवसाची मिनिटं १४४०. म्हणजे १०,८०० लिटर. वाडीत चाळीस घरं, दोनशे माणसं धरली आणि जल जीवन मिशनचं माणशी ५५ लिटरचं माप लावलं तर गरज ११,००० लिटरची. जमलंच म्हणायचं! आज ते पाणी पुरत नाही याचं कारण रात्रभर ते पऱ्यात वाहून जातं आणि पहाटे पाचला पहिली कळशी लागते. तुम्हाला नवीन पाणी शोधायचं नाहीये, रात्रीचं पाणी अडवायचं आहे. दहा-बारा हजार लिटरची टाकी, झऱ्याला पेटी, आणि पाइप. बस.

पेटी बांधताना मात्र गवंड्यावर सोडून देऊ नका, तिथे स्वतः उभे राहा. झऱ्याचा डोळा, म्हणजे पाणी बाहेर येतं ते तोंड, हाताने, पहारीने मोकळं करत मूळ दगडापर्यंत जायचं. सुरुंग लावायचा नाही. डोळ्यासमोर धुतलेले गोटे आणि खडी रचायची, वरून चिकण माती दाबायची, मग झाकणाची बंद पेटी. बाहेर जाणारा पाइप आणि जास्तीचं पाणी सोडणारा सांडपाइप हे दोन्ही झऱ्याच्या डोळ्याच्या पातळीच्या खाली हवेत. जास्त पाणी साठवायच्या हौसेने पेटीत पाणी वर चढवलं की झऱ्यावर उलटा दाब येतो आणि तो मुकाट्याने दुसरी वाट धरतो. एकदा गेला की परत बोलावता येत नाही. सांडपाइपाला बारीक जाळी लावा, नाहीतर पहिल्या पावसात खेकडे आत संसार थाटतात. पेटीच्या वरच्या अंगाला चर काढून पावसाचं वाहतं पाणी बाजूला वळवा, आणि काट्यांचं का होईना कुंपण घाला. गुरांसाठी सांडव्याच्या खाली वेगळी डोण करा. गुरांना पाणी नाही दिलंत तर ती कुंपण मोडतील, आणि चूक त्यांची नसेल.

धार खरंच कमी पडत असेल तर झऱ्याच्या तोंडाशी काही करून वाढत नाही. ती वाढते वर, जिथे पाऊस मुरतो तिथे. ती जागा डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही असू शकते, म्हणून आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला बोलवा. पुण्यातली ‘अ‍ॅक्वाडॅम’ ही संस्थाही झऱ्यांचा अभ्यास करते. सिक्कीम सरकारने २००८ पासून ‘धारा विकास’ नावाने हेच काम केलं आहे: मुरण्याची जागा शोधायची, तिथे समतल चर आणि खड्डे काढायचे. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात देशात सुमारे ५० लाख झरे असल्याचा अंदाज आहे. त्यात तुमचाही एक. उरलेल्या पैशात चर काढा, आणि पाणाड्याला नारळाचे पैसे सन्मानाने देऊन टाका.

मी आशा सेविका आहे. आमच्या पाड्यावर झऱ्याचं पाणी नळाने येतं, दिसायला काचेसारखं. तरी जुलैमध्ये पोरांना हगवण लागतेच. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं की लोक वासाची तक्रार करतात आणि नळ सोडून जुन्या डवऱ्यावर जातात. म्हणतात, देवाचं पाणी आहे, त्यात औषध कशाला?
— मोखाडा तालुका

ताई, त्यांना पटवत बसू नका, दाखवा. पाणी तपासायची एच-टू-एसची बाटली येते ना, आतल्या पट्टीची, तिच्यात नळाचं पाणी खुणेपर्यंत भरा आणि पाड्यावरच्या सगळ्यात नाठाळ माणसाच्या घरी चुलीशेजारी उबेला ठेवा. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर दोन दिवसांच्या आत ते काळं होतं. शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याची दुसरी बाटली ठेवा, ती तशीच राहील. मग भाषण करायची गरज पडत नाही. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं आहे, त्यात तुमच्या पाड्यावरची एक तरी हवीच.

वासाचं म्हणाल तर लोकांची तक्रार खरी असते, असा माझा अनुभव आहे. चार दिवस काही टाकायचं नाही आणि वरून कोणी तपासायला येणार म्हटलं की ओंजळभर पावडर टाकीत ओतायची, मग वास येणारच. ताज्या पावडरीचं आपल्याकडचं माप हजार लिटरला पाच ग्रॅम. पाच हजारांच्या टाकीला २५ ग्रॅम, रोज. आधी बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या, वरची निवळ तेवढी टाकीत सोडा आणि अर्धा तास नळ उघडू नका. नंतर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला याची तपासणी, करा, पण टाकीपाशी नाही. पाड्याच्या शेवटच्या नळाला. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला तर मधल्या सगळ्यांचं भागलं. पावडर पत्र्याच्या डब्यात ठेवत असाल तर आजच काढा. डबा गंजतो, आणि पावसाळी हवेत उघड्या पोत्यातल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो. मग तुम्ही श्रद्धेने नुसता चुना टाकत राहता.

जुलैचं कारण वेगळं आहे. पहिल्या जोराच्या पावसात झऱ्यात गढूळ पाणी येतं, कारण वरच्या रानातली सगळी घाण वाहत खाली येते. गढूळ पाण्यात टीसीएलचा जोर गाळावरच संपतो. ते पाणी टाकीत घेऊच नका, वॉशआउट, म्हणजे गाळाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, उघडून दोन-तीन दिवस सोडून द्या. तेवढ्यापुरतं घरात पाण्यातून तुरटी फिरवा, निवळू द्या, गाळा आणि उकळा. आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला एकदा चढून बघा. कोणाचं शौचालय, गोठा, उकिरडा आहे का? असेल तर टीसीएल तुम्ही आयुष्यभर टाकत बसाल.

घरात हंड्याला लांब दांड्याचं ओगराळं आहे का, तेही बघा. नळाचं पाणी शुद्ध, आणि पेला धरलेला हात आत बुचकळला, की सगळं मुसळ केरात.

मी मूळचा भोरकडचा, आता न्यू जर्सीत स्थायिक. गावाला चांगलं पाणी मिळावं म्हणून आरओ प्लांट भेट द्यायचा विचार आहे. कोणता घ्यावा?

कोणताच नाही.

आरओ पाण्यातले विरघळलेले क्षार काढतो. प्यायच्या पाण्यात क्षारांची चांगली मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बसाल्टात फार काळ राहत नाही, त्यामुळे क्षार बहुधा यापेक्षा पुष्कळ कमी असतात. तरी पाचशे रुपयांत मिळणारा मीटर बुडवून खात्री करा. त्या पाण्यात अडचण असते ती जंतूंची, आणि तिला टीसीएल पुरतं. लहान आरओ यंत्र जेवढं गाळतं त्याहून जास्त पाणी बहुधा फेकून देतं. मे महिन्यात कळशी-कळशीला महाग असलेल्या गावात ते फेकलेलं पाणी बघायला तुम्ही तिथे नसाल. शिवाय वीज जाते, पडदा बदलायचा असतो, आणि दोन वर्षांनी त्या खोलीत ग्रामपंचायत जुन्या खुर्च्या ठेवते.

त्याच पैशात साठवण टाकी, झऱ्याचं कुंपण आणि टाकीवर थेंब-थेंब क्लोरीन सोडणारा डोसर होईल. पैसे पाठवताना एक लक्षात ठेवा. तुम्ही अजून भारतीय पासपोर्टवर असाल तर तुमच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येईल. दात्याचा फलक छोटा ठेवा. त्याऐवजी टाकीवर व्हॉल्व्ह दुरुस्त करणाऱ्याचा नंबर रंगवा.

आमचा झरा वनखात्याच्या हद्दीत आहे. पाइप टाकायला गार्ड अडवतो. काय करावं?
— जव्हार तालुका

गार्डशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात ते नाही. वनहक्क कायदा, २००६, कलम ३(२) वाचा. त्यात गावाच्या सोयीची तेरा कामं दिली आहेत, आणि पिण्याचं पाणी व पाण्याच्या पाइपलाइन त्यात स्पष्ट लिहिल्या आहेत. अटी तीन: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस. तुमच्या पाइपाला एकही झाड तोडावं लागणार नाही. ग्रामसभेचा ठराव, झऱ्यापासून वाडीपर्यंतचा नकाशा आणि लागणाऱ्या जागेचं माप जोडून अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. पोचेशिवाय दिलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. अभयारण्याची हद्द असेल तर वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागू शकते, ते त्याच खेपेत विचारून घ्या.

झऱ्याच्या वरच्या बाजूला एका रिसॉर्टने बोअर मारली. यंदा मार्चलाच आमची धार निम्मी झाली.
— सरपंच, पुणे जिल्हा

आधी झरा सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा उद्भव (स्रोत) म्हणून कागदावर आहे का, ते बघा. नसेल तर तुमची बाजू लंगडी, आजच त्या कामाला लागा. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला १९९३ च्या भूजल कायद्यापासून बंधन आहे, आणि त्यानंतर २००९ चा भूजल कायदा आला. तक्रार तहसीलदारांकडे आणि भूजल यंत्रणेकडे लेखी करा. सोबत धारेची मापं जोडा, तारखेनिशी, मागच्या वर्षीची आणि यंदाची. ती नसतील तर रिसॉर्टवाला म्हणणार, पाऊसच कमी झाला, आणि तुम्ही गप्प. मुंबईसाठी भातसा आणि वैतरणा ज्या शहापूर-मोखाड्यात अडवल्या, तिथेच उन्हाळ्यात टँकर फिरतात. कागद नसलेल्याचं पाणी कागद असलेला नेतो, हे त्या भागात वेगळं शिकवावं लागत नाही.

आमच्या वाडीत नळकोंडाळी झाली, पण व्हॉल्व्हची चावी एकाच घरात असते. त्यांच्या मनात आलं की पाणी. समितीत बायकांची नावं आहेत, सह्याही आहेत, पण बैठक कधी झाली ते आम्हाला माहीत नाही. पाणीपट्टीही कोणी देत नाही.
— अकोले तालुक्यातल्या एक वाचक

सह्या घरी आणून घेतलेल्या असणार. गाव पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे, म्हणून नावं आहेत.

तुम्ही समितीवरून भांडू नका, चावीवरून भांडा. ग्रामसभेत एवढाच ठराव आणा: व्हॉल्व्हच्या दोन चाव्या, दोन वेगवेगळ्या आळ्यांतल्या बायकांकडे, आणि सोडायच्या वेळा टाकीवर रंगवलेल्या. याला विरोध करायला कारण सापडत नाही. वरच्या घरांना आधी आणि खालच्यांना नंतर अशा दोन पाळ्या करा, कारण दोन्ही एकदम उघडलं तर खालचे नळ सगळं ओढून घेतात आणि वरच्या बाईला फक्त हवेचा फुसफुस आवाज ऐकू येतो.

पाणीपट्टी लोक देत नाहीत कारण पाणी कधी येईल ते माहीत नसतं. पाणी ठरलेल्या वेळेला यायला लागलं की पहिल्या महिन्यात वीस रुपये का होईना मागा, आणि जमा-खर्च देवळाच्या भिंतीवर खडूने लिहा. टीसीएल, एखादा वॉशर, दोन फूट पाइप, जे घेतलं ते. उतारावरून येणाऱ्या पाण्याला विजेचं बिल नसतं, म्हणून खर्च थोडा असतो आणि लपवायलाही फारसं काही उरत नाही.

उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं असं वाचलं. मग आमच्या डोंगरावर उकळूनही जंतू मरत नसतील का?
— इयत्ता नववीची विद्यार्थिनी, इगतपुरी

मरतात. प्रश्न छान आहे. तुझ्या घरापासून दिसणारं कळसूबाईचं शिखर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, ते १६४६ मीटर. तिथेही पाणी साधारण ९५ अंशांना उकळतं, आणि हगवण-कावीळ देणाऱ्या जंतूंना तेवढं भरपूर झालं. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट ठेव. तीन मिनिटं ठेवायची ती २००० मीटरच्या वर, म्हणजे हिमालयात गेलीस तर.